मिरवणुकीतला पट्ट्यांचा लेंगा

माझ्यावर कोणी म्हणजे कोणी विश्वास ठेवला नाही. दोरी रिकामी होती, हे मी गल्लीत ओरडून सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, शेवटी फादरना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या, पण हव्या त्या दिशेने एकानेही नाही.

माझी लाँड्री आहे. खाली दुकान, वर घर, आणि गॅलरीपासून समोरच्या खांबापर्यंत कपडे वाळवायची दोरी. गल्ली मला पाठीमागे इस्त्रीबाई म्हणते. (तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही.) चर्चमधले झगे, वेदीवरची कापडं, सगळं माझ्याकडे येतं. मी चौथी शिकलेय, पण माझ्या हातच्या घडीला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय. अपवाद घंटेकाका. चर्चची घंटा आणि किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांना हे काम कोपऱ्यावरच्या मशीनवाल्या लाँड्रीला द्यायचं होतं, फक्त निमित्त मिळत नव्हतं.

वर्षातून एकदा मारियामातेची मिरवणूक आमच्या गल्लीतून जाते. त्या दिवशी मी दोरी रिकामी करते. यंदाही केली. चिमटासुद्धा ठेवला नाही.

आणि यंदाच आमच्या ह्यांनी ठरवलं, मिरवणुकीचे फोटो आपण काढायचे, तेही गॅलरीतून. जावयाने कॅमेरा दिला होता ना! ह्यांनी काढलेल्या एकाही फोटोत आजवर माझं डोकं आलेलं नाही. पण फादर भला माणूस, हो म्हणाले.

पुढे मेणबत्त्या, मग बँड, मग आठ जणांच्या खांद्यावर हात पसरलेली माता. मूर्ती आमच्या गॅलरीखाली आली आणि वरून निळ्या पट्ट्यांचा एक लेंगा सावकाश तरंगत उतरला आणि मातेच्या हातावर विसावला.

बँड थांबला. ढोलवाला तेवढा वाजवत राहिला, त्याला पुढचं दिसत नव्हतं. मूर्ती उचलणाऱ्यांना हात सोडता येईना, बाकीच्यांचा हात पोचेना. झेंड्याच्या काठीने लेंगा काढला, तोवर चर्च आलं होतं.

"दोरीवरचा आहे!" घंटेकाका म्हणाले. "बाईंना वर्षातला एक दिवस पाळता येत नाही."

"दोरी रिकामी होती!"

"मग काय आभाळातून पडला?"

"पडला असेल! तुम्हीच सांगता ना, चमत्कार होतात म्हणून!"

फादर खोकले. म्हणाले, "संध्याकाळी सगळे फोटो बघू. कपडे कोणाकडे धुवायचे ते मग ठरवू."

संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत सगळे जमले. बँडवालेसुद्धा आले. घंटेकाकांनी लेंगा पिशवीत घालून पुरावा म्हणून आणला होता. भिंतीवर फोटो सुरू झाले. पहिला ह्यांच्या अंगठ्याचा. दुसराही अंगठ्याचाच, पण जरा स्पष्ट. मग गल्ली आणि मेणबत्त्या दिसू लागल्या, आणि प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला निळे पट्टे.

"ही डिझाइन मुद्दाम घातली का?" फादरनी विचारलं.

हे खुर्चीत आकसले. "कठडा तापला होता, फादर. कोपर भाजत होतं. म्हणून खाली जरा अंथरलं."

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "दोरी रिकामी होती की नाही? बोला आता!"

तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली? पिशवी ओढली, लेंगा बाहेर काढला, नेफा उलटा करून सगळ्यांना दाखवला. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यावर दोऱ्याची वेगळी खूण असते. इथे लाल दोऱ्याच्या दोन गाठी होत्या.

"दोन लाल गाठी म्हणजे घंटेकाका," मी म्हणाले. "तुमचाच आहे. नाडी बदलायला टाकला होतात."

घंटेकाकांचा चेहरा त्या गाठींसारखा झाला. त्यांनी लेंगा बगलेत दाबला. "विषय वाढवू नका, फादर. कपडे जिथे जातात तिथेच जाऊ देत."

मी जिंकले होते. पदर खोचून उठलेसुद्धा.

"शेवटचा एक राहिलाय," हे म्हणाले. (संसारात ह्यांनी एवढ्या उत्साहाने कधीच काही राहिलेलं दाखवलं नाही.)

तो फोटो नव्हता, फोटोंच्या मागे वेगळा पडलेला व्हिडिओ होता. चुकीचं बटण दाबलं गेलं होतं. भिंतीवर ह्यांच्या चपला दिसत होत्या आणि खोलीभर ह्यांचा आवाज घुमत होता, "अगं, कठडा तापलाय. खाली घालायला काही देतेस का?"

आणि आतून एक बाई ओरडली, "इस्त्रीच्या गठ्ठ्यातलं घ्या काहीही! आणि आता हाक मारलीत तर कॅमेऱ्यावरून इस्त्री फिरवीन!"

आवाज माझ्यासारखा होता, एवढंच मी मान्य करते.

फादरनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "म्हणजे चूक कोणाची ठरली?"

सगळी खोली एका सुरात, पहिल्यांदाच माझ्या तोंडावर, आणि सगळ्यांच्या मागून एकटा ढोलवाला:

"इस्त्रीबाई!"