राक्षसांचे हिलालभाऊ

आमच्या कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं की लोक चहाचं विचारतात, नळाला पाणी कधी येतं ते सांगतात. हिलालभाऊ दात दाखवायला सांगतात.

आम्ही शहाद्याला राहायला आलो त्या दिवसाची गोष्ट. टेम्पोतून गोदरेजचं कपाट उतरत होतं आणि माझे यजमान त्याच्या खालच्या बाजूला होते. तेवढ्यात शेजारच्या दारातून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मला वाटलं, हात लावायला आले. ते यजमानांच्या तोंडापाशी वाकले आणि म्हणाले, "साहेब, जरा दात दखाडा बरं."

कपाटाच्या वजनानं यजमानांचे दात आपोआपच बाहेर आलेले होते. हिलालभाऊंनी ते नीट बघून घेतले. "वरना सुळा भलता भारी शे," असं म्हणाले आणि आले तसे घरात निघून गेले.

"बरं झालं," यजमान कपाट टेकवून म्हणाले, "दातांचा डॉक्टर शेजारीच मिळाला."

पुढे काही दिवसांनी हिलालभाऊंनी एक पातळशी पुस्तिका आणून दिली, तेव्हा त्या दातांचं काय झालं ते कळलं. मुखपृष्ठावर एक केसाळ राक्षस होता आणि त्याच्या तोंडात यजमानांचा वरचा सुळा होता. राक्षस पाठीवर कपाट घेऊन शहाद्याच्या गल्ल्यांतून हिंडतो, लोक त्याला विचारतात की कपाटात काय आहे, आणि तो काही न बोलता पुढे जातो. पुस्तक संपलं तरी कपाट काही उघडलं नाही. मी भाऊंना विचारलं, "आत आहे तरी काय?"

"तेच तर त्याले बी माहीत नही, ताई," ते म्हणाले.

तर हिलालभाऊ राक्षसांची कॉमिक्स काढतात. घरात एकटेच; पोटासाठी कोर्टाच्या रस्त्याला झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर सातबारे, आधार कार्डं, उत्पन्नाचे दाखले. गिऱ्हाईक नसलं की त्याच मशीनमधून राक्षस बाहेर पडतात. भाऊ स्वतः घड्या घालतात, स्वतः पिना मारतात. एकदा गडबडीत पानं मिसळली आणि कुणाच्या तरी अर्जामागे तीन शिंगांचा राक्षस जोडला गेला. तो अर्ज कुठल्याशा कचेरीतून परत आला, तेव्हा राक्षसावरसुद्धा शिक्का होता. भाऊंनी ते पान फ्रेम करून दुकानात लावलंय. "आते हाऊ सरकारमान्य शे," म्हणतात.

दातांचं वेड त्यांना सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत लागलं. लहानपणी वडील कळसाडीहून त्यांना बैलगाडीतून यात्रेला नेत. तिथे व्यापारी घोड्याचं तोंड उघडून वय ओळखायचे. घोडा कितीही सजवलेला असो, दात खोटं बोलत नाहीत, हे हिलालभाऊंच्या मनात तेव्हाच बसलं. त्यांच्या पहिल्या कॉमिकमध्ये घोड्यांनीच यात्रा भरवली होती आणि ते माणसांची तोंडं उघडून भाव करत होते. त्यातला एक माणूस हुबेहूब त्यांच्या थोरल्या भावासारखा होता आणि त्याला कुणी घेत नव्हतं. थोरले भाऊ आजही त्यावरून रागावलेले आहेत.

ही पुस्तकं ते विकत नाहीत. "राक्षस इकाना नही ताई, सोडाना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग ते राक्षस सोडत हिंडतात. एसटीच्या सीटवर एक, न्हाव्याच्या आरशाखाली एक, दवाखान्याच्या बाकावर दोन. मोलगीच्या बाजारालाही जीपनं जातात. तिकडे डोंगरातल्या माणसांची बोली वेगळी, म्हणून मोलगीसाठी त्यांनी एकही शब्द नसलेलं कॉमिक काढलं. आमचूर विकायला बसलेल्या एका म्हातारीनं ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितलं आणि जीपवाल्याला काहीतरी सांगितलं. भाऊंनी विचारलं, "काय म्हने?"

"म्हणते, हा उपाशी आहे. याला आधी जेवू घाल."

पुढच्या अंकापासून राक्षसाला पोट आलं. भाऊ तिला अजून 'मन्ही संपादक' म्हणतात.

नाशिकला व्यंगचित्रकारांचा मेळावा भरणार असल्याची बातमी मी पेपरात वाचली. जुनीजाणती मंडळी येणार होती आणि नव्या लोकांना आपापली चित्रं मांडायला टेबलं मिळणार होती. मी कात्रण घेऊन भाऊंकडे गेले. ते तयार होईनात.

"तठे हसाडनारा लोक येतस, ताई. मन्हा राक्षस कोनले हसाडत नही."

"मला तर हसू येतं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा दुखावल्यासारखं पाहिलं. पण माझी बहीण नाशिकला असते, मी तशीही जाणारच होते. शेवटी ते इस्त्रीचा शर्ट घालून, राक्षसांनी भरलेली नायलॉनची पिशवी मांडीवर घेऊन माझ्याबरोबर एसटीत बसले. धुळ्यापर्यंत पिशवीची गाठ सोडत-बांधत होते.

मेळाव्यात आमचं टेबल कोपऱ्यात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ होतं. पाणी प्यायला येणारे लोक ओझरतं बघून जात. एका नामवंत चित्रकारांनी पुस्तिका उचलली, पानं चाळली आणि भुवया वर केल्या.

"यात राजकारण कुठे आहे?"

"नही ना साहेब," भाऊ अजीजीनं म्हणाले, "राक्षस शे."

दुसऱ्या एका ज्येष्ठांनी "छान, छान" म्हणत पुस्तिकेवर चहाचा कप ठेवला आणि कुणाशी तरी बराच वेळ गप्पा मारल्या. ते गेल्यावर भाऊंनी कपाचं गोल ओलं वर्तुळ रुमालानं टिपलं. दुपारपर्यंत पिशवी फारशी हलकी झाली नव्हती. भाऊ पुस्तकांच्या कडा पुन्हा पुन्हा सारख्या करत बसले होते. मला वाटायला लागलं, आपण यांना उगीच आणलं.

त्या दिवशी मंचावर निरखे साहेबांचा सत्कार झाला होता. आमच्या लहानपणी रविवारचा पेपर आला की आधी निरखेंचं चित्र शोधायचं, अशी घराघरात पद्धत होती. एका रेघेत माणूस उभा करायचे. आता ऐंशी ओलांडलेली, हातात काठी. सत्काराची शाल त्यांनी उजवा हात झाकला जाईल अशी पांघरली होती. भाषणात आपण काही वर्षांपूर्वीच चित्रं थांबवली एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

दुपारी ते बाथरूम शोधत आमच्या कोपऱ्यात आले. हिलालभाऊ ताडकन उभे राहिले. मला वाटलं, पाया पडणार. भाऊंनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघितलं आणि म्हणाले, "साहेब, जरा दात दखाडा बरं."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा निरखे साहेबांची अख्खी कवळी राक्षसांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती.

"बघा सावकाश," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "मी तोवर जाऊन येतो."

ते परत येईपर्यंत भाऊंनी कवळीची तीन बाजूंनी चित्रं काढली होती आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता. निरखे साहेबांनी कवळी बसवली, ती चित्रं बघितली आणि माझ्या खुर्चीत बसले. मग पिशवीतली सगळी पुस्तकं एकेक करून वाचली. मेळाव्याचे लोक फोटोसाठी बोलवायला आले, त्यांना त्यांनी काठीनंच परत पाठवलं.

शेवटचं पुस्तक मिटून ते म्हणाले, "तुमचा राक्षस सगळ्यांच्या दारात जातो. याच्या दारात कुणी येत नाही का हो?"

हिलालभाऊंनी गठ्ठ्याच्या कडा पुन्हा सारख्या केल्या. मग म्हणाले, "त्याले घरच नही काढं, साहेब. दार कोठून येई?"

"का नाही काढलं?"

"कोन येस तठे?"

निरखे साहेबांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "काढा. मी येतो."

भाऊंनी कोरा कागद पुढे सरकवला आणि कानावरची पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच काढा."

साहेबांनी शालीतून उजवा हात बाहेर काढला. तो पानासारखा थरथरत होता. "हा आता माझं ऐकत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "सरळ रेघ येत नाही. म्हणून तर बंद केलं."

"राक्षसनं दार शे, साहेब," हिलालभाऊ म्हणाले. "त्याले सरळ रेघ लागसच नही."

साहेबांनी पेन्सिल घेतली. रेघ थरथरत, अडखळत वर गेली, वळली, खाली आली. सातपुड्यातल्या सागाच्या सालीसारखं खरबरीत, जुनं, जाड दार कागदावर तयार झालं. तसं दार ठरवून कुणाला काढता आलं नसतं. साहेब कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग पेन्सिल खाली ठेवून नाक पुसलं आणि भाऊंना म्हणाले, "कडी राहिली. पुढच्या वेळी."

तेव्हापासून हिलालभाऊ नाशिकला जायला लागले. दुकानाला कुलूप लावायचं, पिशवी घ्यायची आणि पहाटेची एसटी धरायची. कॉलनीत बातमी पसरली की त्यांना मोठं बक्षीस मिळणार आहे. मला खरं काय ते बघायचं होतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मीही बरोबर गेले.

निरखे साहेबांचा मुलगा आणि सून नोकरीला जातात. दिवसभर घरात ते एकटे. दोघं गॅलरीत बसले. साहेब राक्षसाच्या अंगावरचे केस काढत होते आणि हातानं कागद सरकू नये म्हणून हिलालभाऊंनी तो दोन्ही तळव्यांनी दाबून धरला होता. मध्येच भांडत होते.

"अहो हिलालराव, राक्षस आहे हा, जावई नाही. एवढं ताट कशाला?"

"त्याले भूक लागेल शे, साहेब."

"तुमच्या राक्षसांना सदानकदा भूक."

जेवायला भाऊंनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी नेल्या होत्या. साहेबांच्या कवळीला त्या चावेनात, म्हणून भाऊंनी बारीक कुस्करून आमटीत भिजवून दिल्या. चित्रकलेविषयी दोघं जवळजवळ काहीच बोलले नाहीत. गुडघे, झोप, नाशिकची थंडी, शहाद्याचं ऊन, हेच चाललं होतं. बक्षिसाचं तर नावही निघालं नाही.

आम्ही निघालो तेव्हा साहेब काठी टेकत दारापर्यंत आले. "पोहोचलात की फोन करा," ते म्हणाले. "विसरू नका. मी वाट बघतो."

परतीची एसटी दोंडाईच्याजवळ पंक्चर झाली. सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि शहाद्याला पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. मी रिक्षा ठरवून पिशव्या आत टाकल्या. वळून बघते तर हिलालभाऊ उसाच्या रसाच्या गाड्यापाशी मोबाईल घेऊन उभे.

"घरी जाऊन करा ना फोन," मी म्हटलं. "पाच मिनिटांवर तर घर आहे."

"नही ताई. पोचनू का सांगाना शे." ते नंबर शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "माय गयी तव्हयपाईन कोनी सांगेलच नव्हतं, पोचना का फोन कर म्हनीसन."

भाऊंची आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. एवढी वर्षं हा माणूस जिल्हाभर हिंडत होता, मोलगीच्या घाटातून अंधारात परत येत होता, आणि आल्याचं कुणाला सांगायचं नव्हतं. शेजारी राहून माझ्याही हे कधी लक्षात आलं नव्हतं.

फोन लागला. "साहेब, पोचनू," भाऊ म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण ते सांगतच राहिले. गाडी कुठे पंक्चर झाली, दुसरं चाक कसं लावलं, तापीला पाणी किती आहे, स्टँडवर गर्दी कशी आहे, आता रिक्षात बसणार, घरी जाऊन खिचडी टाकणार. मध्ये मध्ये थांबून पलीकडचं ऐकत होते आणि मान हलवत होते.

रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, "ताई, निंघानं का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "ते अजून पोहोचताहेत."