बाबू आखाडे यांचे आखूड दात

धारमाथ्याला दर तीन वर्षांनी, होळी झाली की, घोडे आणि खेचरं आपापले मालक तपासून घेतात. पसंत पडला तर ठेवतात, नाही पडला तर बदलतात. गाव डोंगरावर आहे आणि वर मोटार येत नाही. त्यामुळे पाहुणे घोड्यावरून येतात आणि गॅसच्या टाक्या, सिमेंट, साखर, नव्या नवरीचं कपाट हे सगळं खेचरांवरून येतं. ज्याच्या पाठीवर गाव चालतं त्याला मालक निवडायचा हक्क असावा, यात इथल्या कोणाला काही वावगं वाटत नाही. बाहेरच्यांना वाटतं, पण बाहेरचे दोन दिवस राहतात आणि चिक्की घेऊन उतरतात.

बाजार वरच्या मैदानात भरतो. मालक रांगेत उभे राहतात, प्रत्येकाच्या कमरेला सैलसा दोर, दोर खुंटीला. दोर नावालाच असतो, पण तो नसला की मालक मधेच चहाला जातात, असा जुना अनुभव आहे. जनावरं रांगेवरून फिरतात. नाकानं ढोसून पाय उचलायला लावतात, टाचा बघतात, पाठ हुंगतात, दम लागतो का ते बघायला चढावर पळवतात. डोक्यातले भोवरे बघतात. दोन भोवरेवाल्याला दोन बायका होतात असं माणसं म्हणतात. घोड्यांच्या मते तो धुक्यात वाट चुकतो. शेवटी दात बघतात. दातांवरून वय ठरतं आणि वयावरून पुढचं सगळं.

ज्या म्हाताऱ्याला कोणी ठेवत नाही त्याला पायथ्याच्या पांजरपोळात पाठवतात; तरण्याला पुढच्या खेपेला पुन्हा उभं राहता येतं. पांजरपोळ काही वाईट नाही. जेवण वेळेवर मिळतं, औषधपाणी होतं, डोक्यावर पंखा आहे. फक्त तिथे कोणालाच कुठे जायचं नसतं. गेल्या खेपेला गेलेला गणू ढेबे अजून सकाळी उठून अंगणात उभा राहतो आणि लगाम धरल्यासारखी मूठ करून वाट बघतो, असं लोक सांगतात.

बाबू आखाडेला या मुठीची भीती होती. त्याचं खेचर होतं गोदा. गोदाच्या पाठीवर पहिलं पोतं त्यानेच टाकलं होतं, आणि ते तिने पाडल्यावर पहिली शिवीही त्यानेच दिली होती. तेव्हापासून दोघं रोज घाट चढत-उतरत होती. मागच्या तपासणीत गोदाने त्याला ठेवलं होतं, पण तेव्हा त्याच्या तोंडात थोडे तरी दात होते. आता समोरचे गेले होते, आणि मागचेही. बिनदाताच्या मालकाला तपासणीवाले जनावराजवळ उभं करत नाहीत. गोदाला हवा असला तरी करत नाहीत.

बाबूची बायको हौसाबाई व्यवहारी होती. तिने महिनाभर आधीच तयारी सुरू केली. नखं काढली, टाचांना एरंडेल चोळलं, पोटात जंत नकोत म्हणून कडू काढा पाजला, आणि रोज संध्याकाळी त्याला चढावर चालवून आणलं.

"उभं ऱ्हाताना गुडघ्यावर हात ठेवायचा नाय," ती म्हणाली. "कण्हायचं नाय. आन गोदा समोर आली की डोळ्यांत पानी आणायचं नाय. जनावराला वाटतंय, डोळे आलेत."

"आन दातांचं?"

"दातांचं तुमी बगा. ते काय मी देऊ शकत नाय."

म्हणून बाबू खाली उतरला आणि बाजारपेठेतल्या दातवाल्याकडे गेला. दातवाला तरुण होता, शिकलेला होता आणि कामात चोख होता. त्याने माप घेऊन कवळी बनवली. बाबूने ती हातात घेऊन उजेडात धरली आणि मान हलवली.

"लांब झाले."

"आजोबा, तुमच्या जबड्याला हेच माप बसतं."

"लांब दात म्हाताऱ्याचे. वय वाढतं तसा दात लांबतो. मी आयुष्यभर हेच बघत आलोय. घासा."

दातवाल्याने घासले. बाबूने पुन्हा उजेडात धरले. थोडे पिवळे वाटले, ते पांढरे करून घेतले. मधे फट होती ती बुजवून घेतली. मग आणखी घासायला लावले. दातवाल्याने दोन वेळा समजावलं, तिसऱ्या वेळी तो गप्प बसून घासू लागला, कारण गिऱ्हाईक हट्टाला पेटलं की घासलेलं बरं असतं. शेवटी बाबूला हवे तसे झाले: आखूड, एकसारखे, शुभ्र. घोड्याच्या तोंडात असे दात कधी असतात हे बाबूला झोपेतही सांगता आलं असतं. पण माणूस स्वतःच्या तोंडाकडे त्या नजरेने बघत नाही. आपल्या भाषेत घोडचूक हा शब्द आहे, तो उगाच नाही.

घरी येऊन त्याने आरशात पाहिलं. आरशात एक म्हातारा होता आणि त्याच्या तोंडातून दुसरंच कोणीतरी हसत होतं.

"बरं दिसतंय," हौसाबाई म्हणाली. "हसू नका पण."

बाजाराच्या दिवशी ऊन लवकर तापलं. बाबूच्या शेजारच्या खुंटीला प्रथमेश कोकळे होता. पोरगा तिशीचा, महिनाभर भिजवलेले हरभरे खाऊन तुकतुकीत झालेला. मागच्या खेपेला त्याला कोणी घेतलं नव्हतं, कारण तो तेव्हा फार शिट्ट्या मारायचा. आता त्याने ती खोड सोडली होती. तो वाकून बाबूच्या पाया पडला.

"तात्या, दात मस्त बसलेत."

"तू तुझं बग," बाबू म्हणाला, कारण तोंड जास्त उघडलं की कवळी हलत होती.

तपासणीला तिघं होते. सुलतान नावाचा पांढरा घोडा, ज्याने खालच्या गावांतले कितीतरी नवरदेव पाठीवर वाहिले होते, त्यामुळे माणूस आतून घाबरला की कसा बसतो हे त्याला पाठ होतं. लाडी नावाची वयस्क घोडी. आणि एक तट्टू. तट्टाला मत नव्हतं, पण त्याच्याशिवाय बैठक भरत नसे. मधे दलाल हुसेनभाई रुमाल पसरून बसला होता. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून कळवतात, ही रीत सगळीकडे आहे. धारमाथ्याला रुमालाखाली बोटांऐवजी नाक येतं. जनावर हुसेनभाईच्या तळव्यावर ओठ दाबतं आणि हुसेनभाई उभा राहून निकाल सांगतो. त्याने कधी चुकीचा सांगितला, असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये म्हणतात. इथे घोडाच साहेब असल्यामुळे कुठूनच जाता येत नव्हतं, म्हणून बाबू जागेवर उभा राहिला. टाचा पास झाल्या. पाठ पास झाली. चढावर तो पळाला आणि परत येऊन, कण्ह गिळून, सरळ उभा राहिला. मग सुलतानने त्याच्या ओठाखाली नाक घालून ओठ वर केला आणि बराच वेळ बघितलं. त्याने लाडीला बोलावलं. लाडीने बघितलं. तट्टानेही बघितलं, त्याला कोणी सांगितलं नव्हतं तरी. मग रुमालाखाली गडबड झाली आणि हुसेनभाई उठला.

"बाबू, तू म्हातारा नाहीस," तो म्हणाला.

बाबूचा जीव भांड्यात पडला.

"शिंगरू आहेस. दुधाचे दात आहेत. शिंगराला मालक होता येत नाही."

"माजा नवरा हाय तो," हौसाबाई पुढे आली. "नातवंडं हायेत त्याला."

"वैनी, निकाल दातावर असतो, नात्यावर नाही. वीतभर पोराच्या हातात लगाम कसा द्यायचा? तुम्हीच सांगा."

हौसाबाईला पटलं नाही, पण ती मागे सरली. असं ती सहसा करत नसे.

मालक बाद झाला की जनावराने दुसरा निवडायचा असतो. गोदा रांगेवरून सावकाश गेली. कोणासमोर थांबली, कोणासमोर नाही. शेवटी प्रथमेशच्या हातांचा वास घेतला आणि त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. ती हनुवटी किती जड असते हे बाबूला माहीत होतं.

"तात्या, मी काय करू?" प्रथमेश हळूच म्हणाला. त्याचा चेहरा चोरी केल्यासारखा झाला होता. "तिनंच केलं."

"डावा कान हलवला की थांबायचं," बाबू म्हणाला. "तिला मुतायचं असतंय. ओढायचं नाय."

"बरं."

"आन उतारावर पुढं राहायचं नाय. तिच्या बाजूनं चालायचं."

मग राहिला प्रश्न शिंगराचा. त्यावरचा नियम जुना आणि साधा आहे: आई नसलेलं शिंगरू पांजरपोळात जातं. म्हाताऱ्यांची आणि पोरक्यांची जागा एकच. हुसेनभाईने हे सांगितलं तेव्हा तो बाबूकडे बघत नव्हता. दोघं लहानपणी एकत्र करवंदं चोरत.

बाबूने कमरेचा दोर सोडला, चार पावलं पुढे आला आणि तोंडात हात घालून कवळी बाहेर काढली.

"खोटे हायेत," तो म्हणाला. बिनदाताच्या तोंडातून ते "फोते हायेत" असं आलं, पण सगळ्यांना कळलं. "मी म्हातारा हाय. म्हातारा म्हणून पाठवा. पर आदी गोदाला इचारा, ठेवती का. म्हाताऱ्याला ठेवता येतं का ते तरी इचारा."

सुलतानने पुन्हा त्याचा ओठ वर केला. आत नुसत्या गुलाबी हिरड्या होत्या. लाडीने त्या हुंगल्या, आणि तिची नजर एकदम मऊ झाली. रुमालाखाली बराच वेळ काहीतरी चाललं.

"मघाचा निकाल चुकला," हुसेनभाई म्हणाला. "तपासणीला खेद आहे. शिंगरू थोडं मोठं धरलं होतं. दात अजून फुटायचेत. आजचंच असावं."

मैदानात कोणी हसलं नाही. आजच्या शिंगराला घाट उतरवत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याला आधी अंगाशी घेणारी लागते. हुसेनभाईने रुमाल घोड्यांपुढे धरला आणि कोण घेतं ते विचारलं. घोड्या दरीकडे बघू लागल्या. त्यांची आपापली होती, आणि काहींना तर शिंगरू पुन्हा नकोच होतं. लाडीने पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. तिचं वय झालं होतं. बाबू भर उन्हात कवळी हातात धरून उभा होता. आपल्याला कोणी घेत नाही हे आपल्यासमोर ठरत असताना चेहरा कसा ठेवायचा, हे हौसाबाईने शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात गोदाने प्रथमेशच्या हातातून आपला दोर ओढून घेतला. ती सरळ आली आणि रुमालाखाली तिने डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं.

हुसेनभाई लगेच उठला नाही. कारण तट्टाने हरकत घेतली होती. मत नसलं तरी हरकत घेता येते. हरकत अशी होती की खेचराला शिंगरू होत नाही. बाप गाढव, आई घोडी, आणि वंश तिथेच संपतो. आजवर धारमाथ्यावरच काय, कुठेच खेचराच्या मागे शिंगरू चाललेलं नाही. हरकत बरोबर होती. सुलतान विचारात पडला. लाडी मात्र पडली नाही. तिने तट्टाला बाजूला सारलं आणि हुसेनभाईच्या तळव्यावर ओठ एवढे दाबले की त्याने नंतर हात झटकला.

"होत नाही, हे खरं," हुसेनभाई म्हणाला. "पण होत नाही म्हणून घेऊ नये, असा नियम नाही. गोदाचं शिंगरू. मंजूर."

गोदाने बाबूच्या टकलावरून जीभ फिरवली. एका बाजूने सुरुवात केली आणि चांगलं ओलं होईपर्यंत सोडलं नाही. बाबू रडला. जनावराला डोळे आल्यासारखं वाटेल की काय, याचा त्याला विसर पडला होता.

"डोसकं पुसू नका," हौसाबाई पदराने स्वतःचं तोंड पुसत म्हणाली. "तिला राग येईल."

शिंगराची जागा एकदम बदलू नये म्हणून प्रथमेशने गोदाला बाबूच्याच तबेल्यात राहू दिलं. रोज सकाळी तो येतो, गोदावर खोगीर चढवतो, बाबूला गुळाचा खडा देतो, आणि तिघं घाट उतरून, खाली ओझं लादून परत चढतात. बाबूच्या हातात लगाम नसतो, खांद्यावर काही नसतं. शिंगरावर ओझं टाकत नाहीत. पहिल्या आठवड्यात त्याने सवयीने साखरेचं पोतं उचलायला हात घातला, तेव्हा गोदाने त्याला मानेने हळूच बाजूला ढकललं. त्यानंतर त्याने घातला नाही. तो तिच्या पोटाला खेटून चालतो, ऊन ज्या बाजूला नसेल त्या बाजूने. कधी मागे राहून करवंदाच्या जाळीत शिरतो, आणि गोदा वाटेत थांबून, भरल्या ओझ्यानिशी, तो येईपर्यंत उभी राहते.

मागच्या आठवड्यात वळणावर एक पाहुणी बाई घोड्यावरून वर येत होती. तिने वाट द्यायला घोडा थांबवला आणि खेचराच्या कुशीला चाललेल्या, ओठ जांभळे करून घेतलेल्या म्हाताऱ्याकडे बघून प्रथमेशला विचारलं, "हे कोण?"

"तिचं शिंगरू," प्रथमेश म्हणाला. "पहिलंच आहे. जरा लाडावलंय."