चालेलराव आणि गरम पाण्याची लाइन

ऑफिसात त्यांना सगळे चालेलराव म्हणत. चहा गार आहे, चालेल? चालेल. खुर्चीचा एक पाय लटपटतोय, चालेल? चालेल. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा माणसाने नोकरी करावी, पेन्शन घ्यावी, पण घर बांधायला काढू नये. यांनी काढलं.

तरी बायको शहाणी म्हणून निभावलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे समोरचा चुकणारच हे धरूनच बोलते. कॉन्ट्रॅक्टरशी सगळी बोलणी तिचीच. नेमकी एकदा शाळेत तपासणी निघाली आणि तिने नवऱ्याला साइटवर धाडलं. "नुसतं बघून या," एवढंच सांगितलं होतं. बाथरूमच्या उघड्या भिंतीत पाइपांचं जंजाळ होतं. कॉन्ट्रॅक्टरने त्यात कुठेतरी बोट दाखवलं आणि विचारलं, "साहेब, गरम पाण्याची लाइन अशी वरून नेतो, चालेल ना?" त्यातली गरम कुठली आणि गार कुठली, हे चालेलरावांना कळत असेल तर शपथ. (डॉक्टरने एक्स-रे दाखवला की आपण जसं गंभीरपणे बघतो, तसं त्यांनी बघितलं.) आणि व्हायचं तेच झालं. त्यांनी तो शब्द उच्चारला.

राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी ते अंगभर साबण लावून उभे राहिले आणि गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी असं गार की वाचाच बसली. थांबून पाहिलं, पुन्हा सोडून पाहिलं. साबण अंगावर वाळायला लागला. वर गीझर तर इमानेइतबारे गुरगुरत होता, मग तापलेलं पाणी जात कुठे होतं? उत्तर शेजारच्या संडासातून आलं. आत त्यांची आई होती. तिने बसल्याबसल्याच फ्लश दाबला आणि कमोडमधून वाफा निघाल्या. म्हातारी घाबरून बाहेर येईल असं वाटलं, तर चेहऱ्यावर समाधान. म्हणाली, किती रे आईची काळजी तुला, कंबर छान शेकून निघाली.

बायकोने कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घेतलं. (नवऱ्याला जे बोलायचं ते त्याआधीच बोलून झालं होतं. ते छापण्यासारखं नाही.) कॉन्ट्रॅक्टर आला, दोनदा फ्लश करून बघितला आणि म्हणाला, यात चूक काहीच नाही, साहेबांना विचारूनच लाइन टाकली. आता भिंत फोडायची तर खर्च तुमचा. नाहीतर सोपं आहे, फ्लशच्या टाकीचं झाकण काढायचं आणि आंघोळीला तिथूनच मगाने पाणी घ्यायचं. चालेलरावांच्या ओठांवर 'चा' आला होता, तेवढ्यात बायकोने त्यांना दूध बघायला आत पिटाळलं. गॅसवर दूध नव्हतंच.

बाहेर तिचा आवाज चढला नाही, आणि घरातल्यांना ठाऊक आहे, तिचा न चढलेला आवाजच वाईट असतो. "कुठला पाइप कुठे जोडायचा हे कळणं तुमचं काम की ह्यांचं?" ती म्हणाली. "वर्षभरात कामात दोष निघाला तर तुमच्या खर्चाने दुरुस्त करायचा, असं करारात आहे. भिंत, टाइल्स, रंग सगळं त्यात आलं. ह्यांच्या चालेलने करार बदलत नाही. ह्यांच्या चालेलने आमच्या घरातसुद्धा काही बदलत नाही."

कॉन्ट्रॅक्टर नरमला. सोमवारी माणसं घेऊन येतो म्हणाला.

सोमवारी बायकोला शाळा. निघताना तिने बजावलं, तो शब्द तोंडातून काढलात तर गाठ माझ्याशी आहे. चालेलरावांनी तो काढला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. कॉन्ट्रॅक्टरने एका भिंतीवर हात थोपटून विचारलं, हीच फोडायची ना साहेब? यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा 'मला विचारू नका' म्हणून त्यांनी मान हलवली. पण जन्मभर होकाराचीच सवय असलेली मान ती, हलली ती आपल्या सवयीनेच. घण पडला. धुरळा बसल्यावर भगदाडातून स्वयंपाकघर दिसलं आणि ओट्यापाशी चहा गाळणारी आई दिसली. ती म्हणाली, चहाच हवा होता तर दारातून यायचं.

संध्याकाळी चालेलराव अगदी रडकुंडीला आले होते. "मी एक अक्षर बोललो नाही गं," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते. बायकोने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने फोन उचलला आणि कॉन्ट्रॅक्टरला विचारलं की तुमच्याकडे पाइपांचा नकाशा बघून भिंती फोडतात की लोकांच्या माना बघून? मग त्याने दोन्ही भिंती पदरच्या खर्चाने बांधून द्यायचं कबूल केलं, आणि दिल्याही. बाथरूममध्ये गरम पाणी आलं. (आईने दोन दिवस अबोला धरला, पण तो वेगळा विषय.)

शेवटी रंग तेवढा राहिला होता. त्यासाठी कॉन्ट्रॅक्टर सकाळीच आला. चालेलराव नुकतेच कढत पाण्याने आंघोळ करून निघाले होते. स्वतःचं घर, स्वतःच्या हक्काचं गरम पाणी. त्यांनी ऐटीत दार उघडलं आणि "या" म्हणाले.

कॉन्ट्रॅक्टरने त्यांच्या खांद्यावरून आत डोकावलं. "मालक आहेत का?"

"बाहेर गेल्यात," चालेलराव म्हणाले. "येईपर्यंत मला काही विचारू नका."