आप्पा मगदूम आणि केनियाच्या म्हशी

आप्पा मगदूम माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी चाल बघतात. एकदा मी ऑफिसच्या पायऱ्या चढत होते, तर मागून आवाज आला, "वैनी, डावा गुडघा गेलाय तुमचा. पाय टाकताना चोरताय." महिन्याभराने डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांना एक्स-रे लागला.

हा चाळीस वर्षांचा सराव आहे. कोल्हापूरच्या शनिवार पेठेत घर, घराखाली गोठा. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी नेऊन उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात द्यायचा. आमच्या घरी वीस वर्षं त्यांचंच दूध होतं. त्यांच्या मुलाचं, संजूचं, लग्न ठरवताना पाहुणे मुलीचं शिक्षण सांगत होते, स्वयंपाक सांगत होते. आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "चालती कशी?" लग्न झालं, सून चांगली निघाली, आणि ते चालीवरूनच कळलं होतं असं आप्पा अजून म्हणतात.

मी राजारामपुरीत सहलींचं ऑफिस चालवते. अष्टविनायकापासून सुरुवात केली, आता वर्षातून दोनदा केनियाला गट नेते. तर श्रावणात एका दुपारी आप्पा आले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आफ्रिकेला जायाचं हाय."

मी माहितीपत्रक पुढे केलं. मुखपृष्ठावर आयाळवाला सिंह होता. आप्पांनी ते पालथं घातलं.

"ह्यो कशाला?"

"सिंह आहे, आप्पा. लोक त्यालाच बघायला जातात."

"मांजार हाय ते. मला म्हशी बघायच्यात."

नातीने त्यांना मोबाइलवर तिथल्या रानम्हशी दाखवल्या होत्या. हजार हजारांचे कळप, कपाळावर टोपासारखी जुळलेली शिंगं. आणि तिथे ज्या पाच जनावरांना मान आहे, त्यांत सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या यांच्या पंगतीला म्हैस आहे, हेही तिने सांगितलं होतं. "पाच मानकऱ्यांत म्हैस हाय," आप्पा मला म्हणाले, "आन् तुमी कवरवर मांजार छापताय?"

मी दुसऱ्या छपाईच्या वेळी बघू म्हणाले. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नसतो.

त्यानंतर आप्पा रोज येऊ लागले. "म्हसरू बघितल्याबिगर यवहार न्हाय," हे त्यांचं जन्माचं वाक्य. माझ्याकडून त्यांनी जीपचा फोटो बघितला, तंबूचा बघितला, तंबूतल्या संडासाचा बघितला. शेवटी वैतागून मी तिथला आमचा वाटाड्या जोसेफ याला व्हिडिओ कॉल लावला आणि मध्ये दुभाषी म्हणून बसले.

"काय पावणं," आप्पांनी विचारलं, "तुमच्याकडच्या म्हशी दूध किती देत्यात?"

मी इंग्रजीत सांगितलं. जोसेफ बराच वेळ हसला. मग म्हणाला, काढायला गेलेला कुणी सांगायला परत आलेला नाही.

आप्पांनी मान हलवली. "अंगावर येत्यात व्हय. दाव्याची सवय न्हाय त्यास्नी."

पिवळ्या तापाची लस घ्यायला पुण्याला जावं लागतं. त्यांचं वय अडुसष्ट, म्हणून डॉक्टरांनी आधी नीट तपासलं, रक्तदाब घेतला, छाती ऐकली, मगच सुई टोचली. आप्पा परत आले ते नाराज. "दात बघितलं न्हाईत. दात बघितल्याबिगर वय कसं कळणार त्येला?" मी म्हटलं, आधार कार्डावर असतं. ते त्यांना पटलं नाही. बाजारात जनावराचं वय मालक सांगतो, आणि मालक नेहमी कमीच सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

मग एकदा ते प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. आत दोन किलो सरकी पेंड. विमानात किती वजन चालतं, त्यात ही धरायची होती.

"कुणासाठी?"

"म्हशीकडं रिकाम्या हातानं जात न्हाईत, वैनी."

मी तिथले नियम सांगितले. जीपमधून उतरायचं नाही. खायला घालायचं नाही. हात बाहेर काढायचा नाही. हाक मारायची नाही. एकेका नियमाला आप्पांचा चेहरा उतरत गेला.

"मग तितं जाऊन करायचं काय?"

"बघायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

त्यांनी पेंडीच्या पिशवीला गाठ मारली. "चालतंय," म्हणाले.

आता तारखेचं. माझे दोन गट होते, एक दिवाळीच्या सुट्टीत आणि एक जानेवारीत. जानेवारी चांगला. गवत खाली बसलेलं असतं, जनावरं लांबून दिसतात. दिवाळीत तिथे दुपारचा पाऊस असतो, जीप चिखलात रुतते. ज्याची मुलं शाळेत नाहीत असा प्रत्येक शहाणा माणूस जानेवारी घेतो. आप्पांनी दिवाळीवर बोट ठेवलं.

मला नवल वाटलं, कारण सहलीच्या मधोमध पाडवा येत होता. कोल्हापुरात पाडवा म्हशींचा. शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून म्हशी मिरवतात. मालक मोटारसायकलवर पुढे आणि त्याच्या हाकेवर म्हैस मागे पळत. कुठली म्हैस देखणी, कुठली मालकाचं ऐकते, हे ठरवायला पंच असतात, आणि पेठेत इतकी वर्षं पहिला पंच आप्पा.

"पाडव्याला तुम्ही गावात नसणार?"

"न्हाय."

"पंच कोण मग?"

"हाईत की गावात मान्सं."

दोन दिवसांनी संजू आला. "काकू, तालमीतली पोरं घरात ठाण मांडून बसलीत. आप्पांशिवाय पंच नको म्हणतात. तेवढं जानेवारीचं करा की. दिवाळीचं फुल झालं म्हणून सांगा त्यांना." जाताना म्हणाला, "गोठा मोडल्यापासून जरा चिडचिड करतात. बाकी काही नाही."

गोठा उन्हाळ्यात मोडला होता. आप्पांच्याच्यानं वाकवत नव्हतं, गडी मिळत नव्हता. शेवटच्या दोन म्हशी गगनबावड्याकडच्या एका माणसाला दिल्या. आप्पांनीच दिल्या, कुणी जबरदस्ती केली नव्हती. संजूचा प्रस्ताव मला रास्त वाटला. गावाला पंच मिळत होता, आप्पांना कोरडी हवा, आणि मला चिखलात एक म्हातारा माणूस कमी.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना सांगितलं, "दिवाळीचं फुल झालं." दोन जागा शिल्लक होत्या.

ते म्हणाले, "एक बी न्हाय?"

"जानेवारीत काय बिघडलं? म्हशी त्याच आहेत."

"म्हशी त्याच हाईत वो. पाडवा न्हाय." त्यांनी टोपी हातात घेतली, घातली नाही. "पाडव्याला मी चारला उठतो. कुणी उठवायला लागत न्हाय. पानी तापवायचं, म्हशी घासायच्या, शिंगं रंगवायची. आवंदा बी उठनारच की मी चारला. उठून जिना उतरनार. आन् खाली संजूची गाडी हुबी."

मी जानेवारीच्या तारखांचा कागद बाजूला सारला.

"गाडी चांगली हाय," आप्पा म्हणाले. "गाडीवर माजा राग न्हाय. पर पंच म्हणून जायाचं, दुसऱ्याच्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवायचा, आन् येनारा जानारा इचारनार, आप्पा, तुमची कुटं हाय? तितल्या म्हशी कुनाच्याच न्हाईत. तितं कोन इचारनार मला?"

मी कॉम्प्युटर उघडला, दिवाळीच्या गटात त्यांचं नाव टाकलं आणि त्यांच्यासमोरच संजूला फोन केला. "एक जागा निघाली होती, आप्पांचं तिकीट काढलं. आता बदलता येत नाही." शनिवारपर्यंत बदलता येत होतं. गिऱ्हाइकाशी मी सहसा खोटं बोलत नाही, धंद्याला ते बरं नसतं. त्या आठवड्यात दोनदा बोलले.

संजू जरा कुरकुरला, मग म्हणाला, पोरांना मी सांगतो काहीतरी.

मी आप्पांना कार्यक्रम वाचून दाखवला. पाडव्याला पहाटे निघायचं, दिवसभर जीप, दुपारचा डबा झाडाखाली, अंधार पडायच्या आत तंबूवर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वैनी, तितं फोन लागतो का?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, आणि मी सगळ्यांना धीर देते. "तंबूवर कधीमधी लागतो. जंगलात दिवसभर अजिबात नाही. पण काळजी नको, जोसेफकडे वायरलेस असतो."

"दिवसभर न्हाय लागत?"

"नाही."

"बरं हाय." आप्पा खुर्चीला पाठ टेकून बसले. "त्यो म्हशी नेल्याला गगनबावड्याचा पावना हाय न्हवं, त्यो पाडव्याला व्हिडिओ कॉल करनार हाय. दोघींस्नी सजवून दावतो म्हनलाय. मानूस लई चांगला हाय. त्येला नगं म्हनता आलं न्हाय मला."

मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.