श्रीमंतांनीं पत्त्यांचा खोका फोडिला त्याची हकीगत

श्रीगजवदन लेखणीस सुबुद्धि देवो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं जें वर्तमान जाहलें तें सांगतों. राज्याचें नांव लिहीत नाहीं, शेजारी वाचितात. विस्तार इतकाच कीं, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, मध्यें तीन खोल्या, आणि तिसरी खोली हेंच कलहाचें मूळ. श्रीमंत अवधूतराव सरकार यांनीं ती बेसबॉलच्या पत्त्यांनीं भरिली होती. बेसबॉल म्हणजे विलायती दांडूचा खेळ. त्यांत वीर जेथून निघतो तेथेंच जिवाच्या आकांतानें धावत परत येतो. त्या वीरांच्या तसबिरी पत्त्यांवर छापितात आणि शहाणेसुरते लोक त्या जमवितात. राणीसाहेब इंदुमतीबाई यांस तीच खोली गाण्याच्या शिकवणीस पाहिजे होती. त्यांची बाजाची पेटी पलंगाखालीं कैदेंत पडली होती. मग तंटा विकोपास गेला आणि सरकारांचे चुलते काकासाहेब पंच नेमिले. ते बोलिले, "अवधूत, आज येतोय तो शेवटचा खोका. त्यात खेळाडूच्या सहीचा पत्ता निघाला तर खोली तुझी, नाही तर सूनबाईची. संध्याकाळी येतो. सही मला डोळ्यांनी दिसली पाहिजे."

मग खोका साता समुद्रांपलीकडून दाखल जाहला. सरकारांनीं स्नान करून हातमोजे चढविले आणि मोहोर तोडिली. पहिल्या पाकिटांतून ना ओळखीचे ना पाळखीचे वीर निघाले, आणि दुसऱ्यांतून त्यांचेच भाऊबंद, आणि सरकारांचा चेहरा उतरला, आणि मग शेवटल्या पाकिटांतून जाडजूड पत्ता निघाला. वरच्या अंगास वीराची निळ्या शाईची सही आणि खालीं, चौकटींत, त्याच्या अंगांतल्या सदऱ्याची चिखलमाखली चिंधी! सरकार लहान मुलासारखे नाचले. "अगं, निघाला! आधी देवापुढे ठेव, मी पेढे घेऊन आलोच!" ऐसें बोलोन चपला उलट्या घालोन धावले. नवी वस्तु प्रथम देवापुढें, हा त्या राज्याचा कायदा.

परत येतात तों पत्ता गॅलरींत दोरीवर, चिमट्यानें लटकविलेला. सही मोरींतून वाहोन गेलेली.

"अगं, हे काय केलंस?"

"अहो, कुणा परक्याच्या घामाची चिंधी ती! असं ओवळं देवापुढे कसं ठेवायचं? साबण लावून जरा घासून घेतलं."

सरकारांनीं मोरींत डोकावोन निळी शाई शोधिली. इतक्यांत काकासाहेब आले आणि त्यांनीं चष्मा पुसोन पत्ता न्याहाळिला.

"सही कुठाय?"

"होती, काका! देवाशपथ होती!"

"होती ते मी कुठं विचारलं? आहे का?"

निवाडा जाहला. पेढे काकासाहेबांनींच संपविले. पेटी बंधमुक्त होऊन तिसऱ्या खोलींत विराजमान जाहली आणि पत्त्यांची रवानगी माळ्यावर जाहली. तो एक पत्ता वर ठेवितेसमयीं सरकारांचें बोट चिंधीस लागलें. सहीची जागा अजून ओलसर, परंतु चिंधी ठणठणीत कोरडी होती, आणि चिखल जागच्या जागीं होता. सरकारांनीं शिडीवरून वळोन पाहिलें. बाईसाहेबांनीं डोळे मिटून सा लाविला होता.

एवंच, खोका सरकारांनीं फोडिला आणि खोली बाईसाहेबांनीं जिंकिली. सूर मात्र गोड लागला होता, हें सरकारांनींही कबूल केलें. इति.