व्हॅनच्या पाठीमागची सायकल

मन्मथअप्पांनी व्हॅन घेतली आणि तिसऱ्या दिवसापासून ती दारात उलटी उभी राहायला लागली. तोंड भिंतीकडे, पाठ रस्त्याकडे. गल्लीला वाटलं, म्हाताऱ्याला गाडी वळवता येत नाही. खरं तर अप्पांना गाडी चालवताच येत नव्हती. गाडी त्यांची आणि ड्रायव्हर मी, शेजारचा हायस्कूल मास्तर. मला चालवता येते हे कळल्यावरच त्यांनी ती घेतली, असा मला दाट संशय आहे. पण अप्पांना गाडीच्या तोंडाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मागच्या बाजूला आपली सायकल टांगायची होती.

"अप्पा, गाडी असताना सायकल कशाला सोबत?" मी विचारलं.

"यंत्राचा काय भरवसा, मास्तर? बंद पडली म्हंजे?"

अप्पांचं परळीत भांड्यांचं दुकान. चाळीस वर्षं पितळ वाजवून वाजवून त्यांना कुठलीही वस्तू बोटाच्या पेरानं वाजवून बघायची खोड लागली होती. टरबूज वाजवायचे, दार वाजवायचे. आमच्याकडे नवा फ्रिज आला तेव्हा तोही वाजवला आणि "बद्द वाजतोय" म्हणून माझ्या बायकोचा दिवस घालवला. दुसरी खोड वेळेची. घड्याळ त्यांना मान्य नव्हतं. गळ्यात लिंग, ओठावर 'ॐ नमः शिवाय', आणि वेळ मोजायची ती त्या जपात. चहा उकळायला एकावन्न. दुकानाचं कुलूप उघडायला सात, पावसाळ्यात नऊ.

व्हॅन घेतली ती काकूंसाठी, म्हणजे अप्पांच्या बायकोसाठी. काकूंचं माहेर उमापूर, पार गेवराईच्या पलीकडं. तिथं त्यांची आई नव्वदीला टेकलेली. दिसत नव्हतं, पण दर दोन महिन्यांनी कुणाच्या तरी तोंडी निरोप यायचा, की लेकीला एकदा आणा, मग मी जायला मोकळी. आणि काकूंना गाडी लागायची. साधीसुधी नाही. एसटी परळीच्या बाहेर पडली की त्यांचा चेहरा पांढरा व्हायचा, आणि एकदा तर तेलगावातून त्यांना आडवं करून परत आणावं लागलं होतं. त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर त्या माहेरी गेल्याच नाहीत. आता नागपंचमीच्या आत त्यांना आईजवळ पोचवायचं, असं अप्पांनी ठरवलं होतं.

ठरवलं होतं म्हणजे सुनेला सांगितलं होतं. अप्पा काकूंशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. घरात दोन मुलं, दोन सुना, नातवंडं, आणि मधल्या खोलीत सतत कुणीतरी. "सूनबाई, त्यांना म्हनावं पंचमीला उमापूरला जायचंय," असं अप्पा म्हणायचे, आणि चार हातांवर गहू निवडत बसलेल्या काकू म्हणायच्या, "त्यांना म्हनावं, ऐकलं."

तर सायकल. त्या वर्षांत आमच्या गावात काय काय नवं येत होतं. केबल आली, कोपऱ्यावर पिवळा फोनबूथ आला, आणि भांडी गुंडाळायच्या रद्दीत परदेशी मासिकं यायला लागली. तशाच एका पानावर अप्पांना चित्र दिसलं. भलीमोठी गाडी, तिच्या मागं दोन सायकली उभ्या, आणि बाजूला हसणारं गोरं कुटुंब. अप्पांनी ते पान घडी करून टोपीत ठेवलं आणि वेल्डिंगवाल्या रफीककडं गेले.

रफीकनं तीन तऱ्हा सांगितल्या. टपावर कॅरिअर बसवायचं, मागच्या दाराला पट्ट्यांनी बांधायची, नाहीतर खाली चेसिसला चौकोनी पाइप ठोकून त्यात स्टँड खुपसायचा. टप सगळ्यात सोपा, स्वस्त आणि मजबूत.

"टप नगं. उतरवायला दोन माणसं लागत्यात."

"मग दाराला बांधू."

"दार उघडायचं कसं मग? आत पानी, वाकळ, समदं मागंच ऱ्हानार. अन् हे बघ बे रफीक, एकवीस नमःशिवायाच्या आत सायकल खाली आली पायजे. एकट्या माणसाच्या हातानं."

"अप्पा, बाईस हो गये तो क्या आसमान गिरेगा?"

अप्पा पाइप वाजवत बसले. सात पाइप बद्द निघाले.

त्यानंतर एका रविवारी ते मला मांजरसुंब्याला घेऊन गेले. का, तर तिथं चारी वाटांच्या गाड्या थांबतात, कुणी मागं काय लावलंय ते बघता येतं. मी ढाब्यावर बसून चहा पीत होतो आणि हा धोतरातला माणूस प्रत्येक जीप-ट्रकच्या मागं उकिडवा बसून खाली डोकावत होता. एका ट्रकवाल्याला वाटलं डिझेल चोरायलाय. मला मधे पडून सांगावं लागलं की हे आमचे अप्पा आहेत आणि ते फक्त वाजवून बघतात. ट्रकवाल्याचं समाधान झालं नाही, पण त्यानं सोडून दिलं.

पहिला स्टँड झाला. सिरसाळ्यापर्यंत फिरवून आणला, आणि परत येताना मागून बंदुकीसारखा बार झाला. रफीकनं सायकलचं चाक बरोबर सायलेन्सरच्या तोंडापुढं टांगलं होतं. टायर शेकून फुटला. दुसरा स्टँड उंच केला, तर मागचं दार उघडेना. तिसरा खालून दुमडणारा केला, एक खीळ ओढली की सायकलसकट मागं कलणारा. अप्पा भर बाजारात खीळ ओढायचे, जप करत सायकल उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. बघे मोजायचे. सव्वीस, चोवीस, तेवीस. श्रावण लागला त्या दिवशी एकोणीसवर आले आणि घामाघूम होऊन पायरीवर बसले. मला त्या माणसाची तेव्हा कीव आली, खोटं कशाला बोलू. एवढी अक्कल गाडी चालवायला शिकण्यात घातली असती तर माझे रविवार वाचले असते, असंही वाटलं.

पंचमीच्या दोन दिवस आधी सकाळी निघालो. काकू मागं खिडकीशी, हातात लिंबू. सिरसाळ्याच्या अलीकडंच त्यांनी काचेवर टकटक केली. मी थांबवली. त्या उतरल्या, रस्त्याच्या कडेला बसल्या आणि पोटात होतं नव्हतं सगळं पडलं. मागंपुढं माणूस नव्हता. मी मनात म्हटलं, झालं, आता परत.

अप्पा गाडीमागं गेले. खीळ ओढल्याचा आवाज आला, पुटपुटणं आलं, आणि मी वळून बघेपर्यंत सायकल रस्त्यावर उभी होती. कॅरिअरवर वाकळेची घडी बांधून अप्पांनी हातानं दाबून बघितली आणि काकूंजवळ गेले.

"ऊठ. बस."

त्यांना काकूंशी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. काकू तोंड पुसून उठल्या आणि मुकाट्यानं कॅरिअरवर बसल्या.

"लग्न झालं तवा लई फिरवलं हिला सायकलवर," अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले. "सायकल कधी लागली न्हाई. कुटं तरी रानात उतरावं लागनार, तितं हात लावाया कोन असनार? ही उनात बसून ऱ्हायची. म्हनून एकवीस. तुमी या मागून, हळू."

मग आमची वरात निघाली. पुढं सायकल, मागं पहिल्या गिअरमधे मी. कोस-दीड कोस सायकल, काकूंना बरं वाटलं की व्हॅन, पुन्हा लागली की सायकल. एसटीतली माणसं खिडकीतून अर्धी बाहेर येऊन बघत होती. मी सुरुवातीला चिडलो होतो, मग लाजलो, आणि मग एक गोष्ट लक्षात आली. काकू बोलत होत्या. आमच्या शेजारात सहा वर्षं, पण या बाईची दहा वाक्यं मी ऐकली नव्हती. इथं त्या हात हालवून काहीतरी सांगत होत्या, अप्पा मान तिरकी करून ऐकत होते, मधेच दोघं हसत होते. काय बोलत होते ते इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही.

माजलगाव गेलं, गढी आली. गढीला काकूंनी भाजलेलं कणीस खाल्लं. गेवराईच्या पुढं त्या चांगल्या तरतरीत होत्या, लुगड्यावरचे दाणे वेचत होत्या. उमापूर दोन कोसांवर आलं आणि त्या म्हणाल्या,

"मास्तर, थांबवा. मला गाडी लागायलीय."

मी आरशात बघितलं. लागल्याची एक खूण नव्हती. मी म्हणणार होतो की काकू, आलंच आता गाव. अप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबवा. लागलीय तिला."

दिवस कलताना ती दोघं सायकलवरून गावात शिरली. म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं लेकीचा चेहरा चाचपला, दंड चाचपला आणि विचारलं, "कशी आलीस गं?" काकूंनी तिचे हात आपल्या गालांवर धरून ठेवले. मला तिथं उभं राहवेना, मी गाडीजवळ गेलो.

थोड्या वेळानं अप्पा सायकल घेऊन तिथं आले.

"मास्तर, उद्या तुमी गाडी घिऊन जावा. पंचमी झाली का आमी येताव सायकलवर. मुक्काम करत करत."

"अप्पा, परळी किती लांब आहे. तुमचं वय काय. घरी मी काय सांगू?"

"काय बी सांगा." ते जरा वेळ सायकलचं हँडल पुसत राहिले. "तिला तिची माय भेटली, मास्तर. अन् मला ती भेटली. घरी गेलो का पुन्हा मधी सूनबाई आल्याच."

मी एकटा परत आलो. पंचमीनंतर पाचव्या दिवशी दुपारी मी खिडकीत वह्या तपासत बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबली. दोघं उन्हानं रापलेली, काकू कॅरिअरवर बसूनच काहीतरी सांगत होत्या. ते सांगून होईपर्यंत अप्पा एक पाय टेकवून उभे राहिले. मग काकू उतरल्या, पदर नीट केला. अप्पा सायकल हातात धरून पुढं निघाले आणि काकू दहा पावलं अंतर पडेपर्यंत तिथंच थांबल्या.