बिनआवाजाचं झाकण

टण्ण!

दुपारच्या शांततेत साखरेच्या डब्याचं झाकण तिच्या हातून निसटून फरशीवर पडलं. पडलं ते पडलं, गप्प तरी बसावं? गोल गोल फिरत, थरथरत, चांगला गाजावाजा करूनच ते आडवं झालं. तिच्या खांद्यावर आत्ता कुठे डोळा लागलेलं सात महिन्यांचं बाळ जागं झालं आणि त्याने बाकीचं घर जागं केलं.

"साखरेचा ना गं?" बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या. पडलेल्या झाकणाच्या आवाजावरून त्या डबा ओळखत.

"हो आई."

"कंपनी झाकणांची, आणि घरात हा टणत्कार!"

"आजच्या दिवस काही बोलू नका हो. चार वाजता पाळणाघराच्या बाई यायच्यात."

असंच एक झाकण चार महिन्यांपूर्वी पडलं होतं आणि त्यातूनच कंपनी जन्माला आली होती. झाकणाला मऊ रबराची जाड कड लावायची. उघडताना आवाज नाही, लावताना नाही, पडलं तरी नाही. तान्हं मूल असलेल्या घरात आणखी काय हवं? कल्पना तिची होती, आणि वाईट नव्हती. वाईट इतकंच झालं, की ती तिने जेवताना सगळ्यांसमोर बोलून दाखवली.

"आधी पदं ठरवू," दीर भाताचा घास हातात तसाच धरून म्हणाला. "पदांशिवाय कंपनी म्हणजे नवरदेवाशिवाय वरात!"

नवऱ्याकडे पेचकस आणि पान्यांचा संच होता, म्हणून तो उत्पादनप्रमुख झाला. दिराकडे कोट होता, म्हणून तो विक्रीप्रमुख. सासूबाईंना रुसवा येऊ नये म्हणून त्यांना गुणवत्ताप्रमुख केलं. ती संस्थापक, म्हणजे उरलेलं सगळं काम तिचं. पाच वर्षांच्या लेकीला, भिंगरीला, तेवढं पद मिळालं नाही.

नंतर नावावर तीन आठवडे भांडण झालं आणि बोधचिन्हावर दोन. तेवढ्यात दिराने पाचशे खोकी छापून आणली. खोकी देखणी होती. वर ठसठशीत अक्षरांत 'आवाज बंद!' लिहिलेलं. फक्त नवऱ्याने कड लावल्यावर झाकण बोटभर फुगलं आणि खोक्यात जाईना.

"भावजी, माप कुणाला विचारलंत?"

"वहिनी, माप काय घेऊन बसलात! अक्षरं बघा कशी उठून दिसतायत."

खोकी पलंगाखाली गेली, कपाटावर गेली, दाराआड गेली, उरलेली पलंगावर आली. नवरा रात्री आडवा होण्याऐवजी तिरका होऊ लागला.

"पण लोकांना हे हवंय का, ते एकदा विचारायला हवं," ती म्हणाली होती.

"विचारलं की! चाळीस जणांना. चाळीसच्या चाळीस 'छान' म्हणाले. आत्याने तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच सांगितलं."

"आत्या तुमच्या गाण्यालाही छान म्हणाल्या होत्या भावजी."

यावर दीर दोन दिवस बोलला नव्हता. कंपनीचं तेवढंच काय ते शांत काम झालं.

आता मात्र पाणी गळ्याशी आलं होतं. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, आज पाच वाजेपर्यंत कळवा, सोमवारी येताय की जागा भरू? पाळणाघराच्या बाईंनी झाकणं घेतली, तर ती साहेबांना नाही म्हणणार होती. बाईंच्या ओळखीची आणखी अकरा पाळणाघरं होती. आणि नाहीच घेतली, तर सोमवारी सकाळी हेच बाळ ह्याच बाईंच्या ताब्यात देऊन ती कामावर जाणार होती. तिने घड्याळ पाहिलं. तीन दहा. तिने गादीची चादर ओढली, पाण्याचे पेले पुसले, बाळाची लाळ पुसली, पुसलेले पेले पुन्हा पुसले आणि घड्याळ पाहिलं. तीन बारा.

बाई बरोबर चारला आल्या. गळ्यात शिट्टी, हातात पिशवी, आणि बसल्या बसल्या खोलीतली मुलं मोजायची सवय. "दोन," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

कोट चढवलेल्या दिराने झाकण हात उंच करून फरशीवर सोडलं. उशी पडावी तसं ते पडलं. बाळाने पापणीसुद्धा हलवली नाही.

"अगंबाई!" बाई म्हणाल्या. "परत टाका बघू."

त्याने परत टाकलं. बाईंनी स्वतः टाकून पाहिलं, मग नवऱ्याने, मग सासूबाईंनी, पद होतं म्हणून. आवाज नाही. तिच्या छातीतला सोमवार हळूहळू विरघळायला लागला.

"आता भरलेल्या डब्यावर दाखवतो," दिराला चेव चढला. प्रत्यक्ष वापरातलं एकुलतं एक झाकण बिस्किटांच्या डब्यावर होतं. त्याने तो डबा दोन्ही हातांनी धरून उघडला आणि बाईंपुढे केला.

डब्यात नुसता चुरा होता.

"सकाळी मी माझ्या हातांनी भरला होता!" सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा भिंगरीकडे वळल्या. भिंगरीने ओठांवरून जीभ फिरवली.

"कधी खाल्लीस गं?"

"रोज खाते."

"रोज? आणि मला कसं ऐकू आलं नाही?" चोरीपेक्षा आपल्या कानाची अब्रू गेल्याचं दुःख सासूबाईंना जास्त होतं.

"आजी, वाजतच नाही ना ते!" भिंगरी अभिमानाने म्हणाली. कंपनीची एवढी खरी जाहिरात आजवर कुणी केली नव्हती.

बाई खदखदून हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"एक बोलू का? रागावू नका. माझ्याकडे बत्तीस पोरं. खाऊचा डबा वाजला, की मी असेन तिथून धावते. तो माझा पहारेकरी आहे हो. तोच मुका केला तर मला कळणार कसं?"

घरात अशी शांतता पसरली, की जणू सगळ्यांनाच रबराची कड लावली होती.

"झाकणाला एक घंटा बसवता येईल," दीर म्हणाला.

"हो, वर भोक पाडून—" नवरा उठलाच.

"तुम्ही दोघं बसा खाली!" ती म्हणाली.

बाई निघाल्या. दारात त्यांना खोक्यांचा ढीग दिसला. "ही कसली?"

"झाकणांची."

"मग झाकणं बाहेर का?"

बाईंनी एक खोकं दाबून पाहिलं, उलटं केलं. "चांगली दणकट आहेत. पोरांचे बूट ठेवायला होतील. सगळी घेऊन जाऊ का? आणि 'आवाज बंद' लिहिलंय ते तर फारच झकास." चपला घालता घालता त्या हळूच म्हणाल्या, "सोमवारपासून एक जागा आहे बरं का. ह्या लबाडाला आणायचं तर लगेच सांगा, तिघी विचारून गेल्यात."

दार लागायचा अवकाश, दिराने कोट झटकला. "खपली की नाही खोकी? वहिनी, आपण उगाच झाकणांच्या मागे लागलो!" नवरा मापाची पट्टी शोधू लागला. सासूबाई एक खोकं कानाशी नेऊन वाजवून बघत होत्या. नव्या कंपनीच्या नावावर आवाज चढायला लागले. मग कुणीतरी चहाचं नाव काढलं.

पाचला सात कमी होते. ती बाळाला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली. आधण ठेवलं, साखरेच्या डब्याला अंगठा लावला आणि एका हाताने झाकण उडवलं. टण्. या खेपेला बाळ हसलं. ओट्यावरचा फोन वाजू लागला, साहेबांचा.

खाली फरशीवर भिंगरी बिस्किटांचा रिकामा डबा मांडीत घट्ट धरून बसली होती. दोन्ही हातांनी ओढून तिने झाकण काढलं.

"आई, हे दोन हातांनीच निघतं."

"हं."

"तुझ्या एका हातात तर बाळच असतं."

फोन वाजत होता. आधणाला बुडबुडे आले होते. भिंगरीने झाकण डोक्यावर टोपीसारखं ठेवलं आणि मान वर करून विचारलं,

"मग हे तू कुणासाठी केलंस?"